पुत्तनचा सदरा

दिवाळीआधी घराला रंग द्यायचा होता, म्हणून आईची लोखंडी पेटी पलंगाखालून ओढून काढली. तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, एक सदरा घडी घालून ठेवलेला होता. पांढरा, गोल गळ्याचा, दहा वर्षांच्या मुलाला होईल एवढा. छातीवर आणि डाव्या बाहीवर पिवळे डाग. क्षणभर मी तो ओळखला नाही. मग ओळखला, आणि मस्तकात तिडीक गेली.

"आई, हा अजून जपून ठेवलायस?"

"असू दे गं. पहिलं बक्षीस मिळालं होतं त्याला त्यात." आई खिडकीपाशी खुर्चीत बसून मेथी निवडत होती. तिने मान वर करून सदऱ्याकडे पाहिलं आणि कौतुकाने हसली. "किती गोड दिसला होता नितीन!"

मी बोलले असते तर रंगवाले जिन्यात ऐकत राहिले असते. सदरा उचलला, बाथरूममध्ये जाऊन बादलीत बुचकळला आणि साबणाची वडी घेऊन बाहीवर घासायला लागले. का घासत होते कोण जाणे, तीस वर्षांचे डाग का वडीने जातात? पण हाताला काहीतरी काम हवं होतं. साबण लागला तसे पिवळे डाग एकेक करून लाल झाले. हळदीचं हे असंच असतं. पण कोपरापाशी एक डाग होता, तो लाल झाला नाही. तो तपकिरी होता आणि तपकिरीच राहिला.

मी नळ बंद केला आणि तशीच पाटावर बसले.

पुत्तन कोण, ते सांगायला हवं, कारण आता तो कुणाला आठवत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला रविवारी सकाळी टीव्हीवर एक हिंदी मालिका लागायची, तिच्यात तो होता. कुठल्याशा छोट्या गावातल्या कचेरीत काम करणारा पोरगेला कारकून. पांढरा गोल गळ्याचा सदरा घालायचा. त्याला काहीही लागलं तरी ते आपोआप बरं व्हायचं. डोकं फुटो, बोट कापो, सायकलवरून पडो, कॅमेरा जवळ जायचा, बासरी वाजायची आणि जखम मिटायची. ही शक्ती त्याला कुठून मिळाली ते मालिकेने कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आणि हा इतका शक्तिवान माणूस भित्रा होता. कुत्र्याला भ्यायचा, साहेबाला भ्यायचा, सायकलच्या घंटीलासुद्धा दचकायचा. लोक त्याला मारायचे, आणि जखम मिटली की हात जोडून मारणाऱ्यालाच म्हणायचा, "कुछ नहीं हुआ जी, माफ़ कीजिए."

याच्यावर सगळा देश विरघळायचा. मला आज विचारलंत तर त्या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ज्याला काही होऊच शकत नाही त्याने खरं तर छाती पुढे काढून सगळ्यांच्या अंगावर जायला हवं होतं. हा कसला भितो? पण नाही, शक्ती दिली ती मार खाण्यासाठी. आणि मध्यंतरात हाच पुत्तन जखमेच्या मलमाची जाहिरात करायचा! ज्याच्या जखमा आपोआप भरतात त्याने मलम कशाला विकावं, हा प्रश्न मी तेव्हा बाबांना विचारला होता. बाबा म्हणाले, "टीव्ही बघताना डोकं चालवू नये."

तेव्हा आम्ही दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. पिवळ्या चुन्याने रंगवलेल्या दुमजली इमारती, मधे मोठं मैदान, मैदानाच्या कडेने जांभळाची झाडं. उन्हाळ्यात दुपारी गरम वाऱ्याची लू सुटली की दारं-खिडक्या बंद, आणि कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास घरभर. त्या वासात आई आम्हाला पाढे म्हणायला लावायची. जून संपता संपता जांभळं पडायला लागायची, रस्ते जांभळे व्हायचे, चपला चिकटायच्या. थंडीत मैदानात सगळ्यांच्या रजया उन्हात टाकलेल्या असायच्या आणि बायका शेंगांची टरफलं तिथेच टाकत विणायला बसायच्या. त्याच सुमारास कुणाच्या तरी गच्चीवर टीव्हीच्या डिशची पहिली छत्री आली, आणि बघता बघता एका इमारतीवरून दुसरीवर काळ्या वायरी लोंबायला लागल्या. नव्या चॅनलांवर परदेशातल्या बायका काय काय घालून यायच्या. रविवारी सकाळी मात्र सगळी घरं पुत्तनचीच. त्या सुरावटीची बासरी प्रत्येक खिडकीतून येऊन मैदानावर एकत्र व्हायची. तो आवाज मला फार आवडायचा. हे कबूल करतानाही राग येतो, पण आवडायचा.

रविवारची दुपार स्कूटरची. पुढे नितीन उभा, मागे आई, मधे मी, आणि चालवायला बाबा. आम्ही पप्पनकलांला जायचो. आज त्याला द्वारका म्हणतात. तेव्हा तिथे किकरची काटेरी झुडपं होती, मोहरीची शेतं होती आणि मैलभर धूळ. एका लोखंडी पाटीपाशी बाबा स्कूटर थांबवायचे आणि मोकळ्या जमिनीकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे आपलं घर. तिसरा मजला." आम्ही हवेत तिसरा मजला शोधायचो. वरून विमान इतकं खालून जायचं की नितीन कान दाबून माझ्या पाठीमागे लपायचा. बाबा हसायचे. "हा आमचा पुत्तन," म्हणायचे.

बाबांना हसण्याचा हक्क नव्हता. ते स्वतःच मोठे पुत्तन होते. मंत्रालयात त्यांच्या मागून आलेले दोघे पुढे गेले, त्यांचं टेबल खिडकीपासून हलवून जिन्याखाली नेलं, आणि हे साहेबाच्या घरी दिवाळीचा फराळ घेऊन गेले. आई एकदा बोलली, "अहो, विचारा तरी." तर म्हणाले, "हे बघ, आपण परक्या मुलखात आहोत. चार लोकांत आपलं नाव चांगलं आहे. तंटा करायचा नाही." हा आमच्या घरचा मंत्र. दूधवाल्याने पाणी घातलं, तंटा नाही. बसमध्ये कुणी आईच्या पायावर पाय दिला, तंटा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर त्यालाच संस्कार म्हणायचं. न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, ही म्हण बाबा पाहुण्यांना ऐकवायचे आणि स्वतः गहू होऊन बसायचे.

नितीन त्यांच्यावर गेला. गरीब गाय. कुणी खेळणं हिसकलं तर दुसरंही पुढे करायचा. एक गोष्ट मात्र तो न भिता करायचा. तो डावखुरा होता, आणि डाव्या हाताने चेंडू असा टाकायचा की मैदानातली मोठी मोठी मुलं चकायची. चेंडू हातातून सुटताना त्याची जीभ बाहेर यायची आणि डोळे बारीक व्हायचे. त्या क्षणी तो कुणालाच भीत नसे. संध्याकाळी खालून हाक यायची, "ओए नितिन, आ जा यार, ओवर डाल!" आणि हा पानातलं तसंच टाकून पळायचा. आई म्हणायची, आधी उजव्या हाताने जेवायला शीक. डाव्या हाताने जेवतो म्हणून तिला चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग गणपती आले. क्वार्टरमधल्या मराठी मंडळाचा गणपती मैदानातल्या मांडवात बसायचा आणि बाबा मंडळाचे कार्यवाह. त्या वर्षी मुलांच्या नाटुकल्यासाठी मी पुत्तनचा एक भाग मराठीत लिहिला. तेरा वर्षांची होते, आणि स्वतःला मोठी लेखिका समजत होते. पुत्तन अर्थातच नितीन. त्याला नको होतं. "ताई, मला भीती वाटते," तो म्हणाला. मी म्हटलं, "तेच तर करायचंय." आई पहाडगंजला जाऊन सदरा घेऊन आली.

जखम मिटायची कशी, हा मोठा प्रश्न होता. तो मी सोडवला आणि मला त्याचा केवढा गर्व होता. बाबांच्या पानाच्या डब्यातला चुना घेतला, त्यात हळद कालवली, की लालभडक रंग. अगदी रक्त. त्यावर लिंबू चोळलं की लाल जातं आणि पुन्हा पिवळं होतं, आणि मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखाली ते पिवळं दिसतच नाही. पुत्तनने मार खायचा, पडता पडता मुठीतला लाल लेप हाताला फासायचा, पडदा पडला की खिशातली लिंबाची फोड काढून हातावरून फिरवायची आणि पुन्हा पुढे यायचं. जखम गायब. घरी आम्ही वीस वेळा केलं. बोटांना चार दिवस लिंबाचा आणि चुन्याचा वास येत होता. ते चार दिवस मी आणि नितीन जितके हसलो तितके पुढे कधी हसलो नाही.

रंगमंच म्हणजे घराघरांतून आणलेले सहा तख्त, म्हणजे फळ्यांचे पलंग, एकाला एक लावलेले, वर सतरंजी. पडदा म्हणजे पानिपतहून आणलेल्या दोन जाड चादरी. उदबत्त्या, जेनरेटरचा डिझेलचा धूर, बायकांच्या गजऱ्यांचा आणि डांबराच्या गोळ्यांतून काढलेल्या रेशमी साड्यांचा वास. पहिल्या रांगेत बाबांचे साहेब, पंजाबी, गळ्यात हार घालून बसलेले, मराठीचा एक शब्द न कळता प्रत्येक वाक्याला हसणारे. मी चादरीआड वही घेऊन उभी.

गुंड झालेल्या बंडूने नितीनला ढकललं. जोरातच ढकललं, त्यालाही अंगात आलं होतं. नितीन मागे गेला, सतरंजी सरकली आणि त्याचा डावा हात दोन तख्तांच्या मधल्या फटीत गेला. वर बाकीचं अंग पडलं. चिरगूट फाटावं तसा एक आवाज झाला. तो मी ऐकला. उठला तेव्हा बाहीवर लाल होतं, कोपरावरून ओघळत होतं, आणि मांडवभर टाळ्या. "वा! वा! असली लग रहा है!" हे साहेब. टाळ्या थांबेनात. आई उभी राहून वाजवत होती. नितीनचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि त्याने ठरलेलं वाक्य म्हटलं, "काही नाही झालं हो, माफ करा." पुन्हा टाळ्या. पडदा. दुसऱ्या प्रवेशात जखम पुसलेली होती. त्याचा हात तर हलत नव्हता, मग लिंबू कसं फिरवलं कोण जाणे, त्या गडबडीतलं मला सगळं आठवत नाही. नाटुकलं पूर्ण झालं. पहिलं बक्षीस, स्टीलचा डबा, साहेबांच्या हस्ते. त्याने तो उजव्या हाताने घेतला. त्याबद्दलही आईने पाठ थोपटली.

घरी आल्यावर कोपर सुजून टम्म झालं होतं. आई म्हणाली, मुरगळलंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, मुरगळलंय. आणि काय लावलं असेल? हळद आणि चुना! गरम करून, जाड लेप, वर फडकं. खोटं रक्त ज्याचं केलं त्याचंच औषध. बाबांना आरत्या होत्या, प्रसाद होता, वर्गणीची माणसं होती. "दुखतंय का रे?" असं जाता-येता विचारायचे आणि नितीन म्हणायचा, "नाही." विसर्जनाला तो यमुनेवर आला. आईच्या जुन्या साडीच्या झोळीत डावा हात, उजवा हात वर करून "मोरया" ओरडत. पाण्याला शेवाळाचा आणि निर्माल्याचा वास होता. ट्रकमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता आणि प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होता. मी त्याला शेंगा सोलून देत होते.

पितृपक्षात शाळेतून चिठ्ठी आली, तेव्हा त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि बाबांकडे पाहिलं. "हड्डी टूटी थी. अब टेढ़ी जुड़ गई है. इतने दिन आप लोग क्या कर रहे थे?"

"बच्चे ने बताया ही नहीं, डॉक्टर साहब," बाबा म्हणाले.

हे वाक्य आमच्या घरात तीस वर्षं फिरलं. बाबांनी सांगितलं, आईने सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, सुनेला सांगितलं. किती सोशीक पोर, हात मोडला तरी एक शब्द बोलला नाही! मीही हेच सांगत आले, फक्त रागाने. हात त्यानंतर सरळ झाला नाही. कोपरापासून बाहेर वाकलेला राहिला, जुन्या छत्रीच्या मोडक्या काडीसारखा. संध्याकाळी खालून हाका यायच्या बंद झाल्या. एकदा मी त्याला जिन्यात पाहिलं, रबरी चेंडू डाव्या हातात घेऊन भिंतीवर टाकत होता. चेंडू भलतीकडे जायचा, तो जाऊन आणायचा, पुन्हा टाकायचा. जीभ बाहेर आलेली नव्हती. मी वर निघून आले. आणि आई? तो उजव्या हाताने जेवायला लागला तेव्हा आई म्हणाली, "चला, एक तरी बरं झालं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आईवर माझं प्रेम आहे, पण या वाक्यासाठी मी तिला क्षमा केलेली नाही आणि करणारही नाही.

पुढे पप्पनकलांची द्वारका झाली, हवेतला तिसरा मजला सिमेंटचा झाला, आम्ही राहायला आलो. मी लग्न होऊन पुण्याला गेले. बाबा गेले. नितीन याच घरात राहिला, मेट्रोने ऑफिसला जातो, सगळे त्याला चांगला म्हणतात. इतकी वर्षं मला त्याच्याकडून एकच वाक्य ऐकायचं आहे. त्याने आईसमोर उभं राहून म्हणायला हवं, की माझा हात मोडला होता आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. एकदाच. मग आईने रडावं, घर डोक्यावर घ्यावं, काय वाट्टेल ते व्हावं. मी दरवर्षी येते आणि दरवर्षी वाट पाहते. तो आपला विचारतो, "ताई, चहा घेणार?"

कालचीच गोष्ट. सकाळी समोरच्या टॉवरमधल्या एका माणसाने आपली हत्तीएवढी गाडी मागे घेताना नितीनच्या गाडीचा दरवाजा चेपला. मी बाल्कनीतून पाहत होते. तो माणूस खाली उतरून उलट यालाच सांगतोय, "भाईसाहब, ढंग से लगाया करो ना." आणि माझा भाऊ, चाळिशी ओलांडलेला, केस पिकलेला, हात जोडून म्हणतो, "कोई बात नहीं जी, कुछ नहीं हुआ." तिसऱ्या मजल्यावरून मी असा आवाज दिला की पार्कातले म्हातारे उठून उभे राहिले. "कुछ नहीं हुआ? आँखें फूटी हैं क्या? दरवाज़ा कौन बनवाएगा?" तो माणूस वर बघून चक्क घाबरला आणि सॉरी म्हणाला. नितीन वर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "ताई, कशाला? रोज तोंड बघायचं असतं एकमेकांचं."

तर आज मी पाटावर बसून ठरवलं, की बास. सदरा पिळला आणि ओला तसा घेऊन बाल्कनीत गेले. शनिवार होता, नितीन तिथे कुंड्यांना पाणी घालत होता. आई आतल्या खुर्चीत, दार उघडं, सगळं ऐकू जाईल अशी. मी सदरा त्याच्यासमोर धरला.

"ओळखलास?"

"अरे! पुत्तन!" तो हसला.

"हसू नकोस. हे बघ. हे लाल झालंय ती हळद. आणि हे तपकिरी आहे ना, हे तुझं रक्त आहे. तीस वर्षं आईने बक्षीस म्हणून जपलंय. आज तू बोलायचंस."

"काय बोलू?"

"तेव्हा बोलला नाहीस ते! हात मोडला आणि एक शब्द काढला नाहीस तू. का नाही बोललास? बाबांना नाही, आईला नाही, कोणालाच नाही. त्या मूर्ख टीव्हीवाल्याचं ऐकून गप्प बसलास आणि हात घालवून बसलास. मला राग येतो तुझा, कळतंय? सगळ्यांचा येतो पण तुझा जास्त येतो!"

आतून मेथीच्या काड्या मोडण्याचा आवाज थांबला.

नितीनने झारी खाली ठेवली. डावा हात पुढे करून, म्हणजे जेवढा पुढे होतो तेवढा करून, त्याने ओला सदरा माझ्याकडून घेतला आणि कोपरापाशी पाहिलं.

"बोललो होतो ताई," तो म्हणाला.

"कधी? कोणाला?"

"तुला. चादरीच्या मागे."

वरून विमान गेलं. ते जाईपर्यंत आम्ही दोघंही थांबलो, द्वारकेत तशी सवयच लागते. मग तो नेहमीच्या हळू आवाजात सांगायला लागला, जणू भाजी काय आणायची ते सांगतोय. "पडदा पडला आणि मी आत आलो. तुझ्या हातात वही होती. मी म्हटलं, ताई, खरंच लागलंय, हात उचलत नाहीये. तू म्हणालीस, पुत्तन रडतो का? सगळे बसलेत बाहेर. मग माझ्या खिशात हात घातलास."

आणि मला आठवलं. सगळं एकदम आठवलं, मांडवातल्या जेनरेटरच्या आवाजासकट. चादरीआडचा तो काळोखा कोपरा. त्याच्या खिशातली चेपलेली फोड. मी त्याचा दंड डाव्या हाताने घट्ट धरला होता आणि उजव्या हाताने ती फोड कोपरावरून रगडून फिरवली होती, पुन्हा पुन्हा, कारण लाल जात नव्हतं. हळद असती तर एका फेऱ्यात गेलं असतं. ते जात नव्हतं, आणि मी आणखी जोराने घासत होते, आणि त्याने ओठ दातांत धरून मान वर केली होती. मी म्हणाले होते, "घाबरट." मग सदऱ्याच्याच टोकाने पुसलं आणि पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकललं. टाळ्या सुरू झाल्या, आणि त्यांतली पहिली टाळी चादरीआडून माझी होती.

तीस वर्षं मी बाबांवर चिडले, आईवर चिडले, शेजारच्या काकूंवर, बंडूवर, साहेबावर, त्या बासरीवर. दिल्लीवर चिडून पुण्याला गेले. आणि हा गप्प राहिला, कारण तो बोलला असता तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

मी कठडा धरला.

"नितीन," मी म्हटलं, "मी..."

"अगं काही नाही, ताई. काही नाही झा..."

"परत म्हणालास तर थोबाडीत देईन!" मी ओरडले. माझा आवाज फाटला. खाली पार्कातले म्हातारे पुन्हा वर बघायला लागले. आतून आई म्हणाली, "काय झालं गं?"

मला वाटलं, आता तो चहाचं विचारेल. त्याने सदरा दोरीवर टाकला, उजव्या हाताने चिमटा लावला, दुसरा लावला. बाही उन्हात धरून सरळ केली. पाणी त्याच्या पायावर ठिबकत होतं.

"खूप दुखलं होतं?" मी विचारलं. तीस वर्षांत हे मी पहिल्यांदा विचारत होते.

"हो," तो म्हणाला. मग बाहीवरचा हात न काढता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "हाताचं एवढं नाही. लिंबाचं."